धोंडूचं गाऱ्हाणं

बाजारात ओरडलेला तो आवाज माझाच होता, हे मला सगळ्यांच्या नंतर कळलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशीचा बाजार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीचं सामान मांडून बसलेल्या बायका, कवंडळं, असोले नारळ, तेरड्याच्या जुड्या, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत निम्मं मालवण आणि मुंबईहून आलेली निम्मी मुंबई. वर चढावर केळ्यांचा एक टेंपो उभा होता. ड्रायव्हर चहाला गेला होता, आणि टेंपो आपल्या मनानं मागे सरकायला लागला होता. मी पिशवीत तांबडा भोपळा कोंबत होते. मान वर केली, टेंपो दिसला, माणसं दिसली, आणि पुढचं माझ्या पोटातून आलं. "डावीकडे! सगळे डावीकडे! मावशी, टोपली सोडा! निळा शर्ट, त्या पोरीला उचला! थांबू नका, अजून डावीकडे!" आणि सगळे डावीकडे गेले. एकानंही मागे वळून विचारलं नाही की बाई, तुम्ही कोण. टेंपो रिकाम्या झालेल्या वाटेतून घरंगळत आला, गटारात चाक घालून थांबला, आणि केळ्यांच्या चार-दोन फण्या रस्त्यावर लोळल्या. कुणाला साधं खरचटलंही नाही. मग लोक टेंपोकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागले. टोपली सोडलेल्या मावशीनं कंबरेवर हात ठेवून विचारलं, "गो बाय, तू पोलिसात आसंस काय?" मी पोलिसात नाही. मी चष्म्याच्या दुकानात असते. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या नाकावर चष्मा चढवते आणि 'आता बरं दिसतं?' असं इतक्या हळू विचारते की शेठ गल्ल्यावरून रोज करवादतात, समीक्षा, गिऱ्हाईक डोळे दाखवायला आलंय, कान नव्हे, जरा मोठ्यानं बोल.

भोपळा छातीशी धरून मी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले. लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी वाटत होतं, ते मला बघायचं नव्हतं. कारण हा आवाज मला अनोळखी नव्हता. तो आमच्या मागच्या खोलीत राहतो. दिवेलागण झाली, देवाजवळ निरांजन लागलं, आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पेज भरवून झाली की आठवड्यातल्या काही संध्याकाळी मी तिथं लॅपटॉप उघडून बसते आणि तो आवाज बाहेर येतो. लॅपटॉपवरच्या त्या खेळात एक बुडालेला किल्ला आहे. वीस-पंचवीस माणसं, कुणी लातूरची, कुणी नागपूरची, एक तर पार निजामाबादचा, आपापल्या घरांत बसून, आपले नसलेले देह पांघरून त्या किल्ल्यात उतरतात. तळाशी नऊ तोंडांचा नाग आहे. माझा तिथला देह दणकट आहे, मिशाळ आहे, हातात दारवंट्याएवढी ढाल आहे, आणि नाव धोंडू. खेळानं पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा मला स्वतःचं लिहवेना. माझ्या माहेरी देवबागला धोंडू नावाचा होडीवाला होता. होडी किनाऱ्याला लागताना तो छातीभर पाण्यात उतरून दोर धरून उभा राहायचा. लाट त्याच्या पाठीवर फुटायची आणि आम्ही बायका-पोरं पायाला पाणी न लागता उतरायचो. लहानपणी मला वाटायचं, समुद्र धोंडूला घाबरतो. खेळातही माझं काम तेच. नागाचा मार ढालीवर घ्यायचा आणि बाकीच्यांना कोरडं ठेवायचं. फरक इतकाच, की धोंडू कधी बोलायचा नाही, आणि मला सतत बोलावं लागतं. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं आणि नावाखाली एक पट्टी, जीव किती उरला ते सांगणारी. हिरवी, मग पिवळी, मग लाल. मी त्या पट्ट्या बघते. भक्ती, तू थकलीस, मागे ये. कौस्तुभ, घाई नको, तुझ्या घाईनं सगळे मरतात. आमच्या टोळीचं, म्हणजे गिल्डचं, नाव मी 'रापणकर' ठेवलं, कारण रापणीचा दोर अख्ख्या वाडीनं ओढला तरच जाळं किनाऱ्याला येतं. एकदा गमतीत मी त्यांना शिकवलं की मी काही सांगितलं की नुसतं 'हो' म्हणायचं नाही, 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आता निजामाबादचासुद्धा म्हणतो, आणि त्याच्या तोंडी ते इतकं गोड लागतं की पुष्कळदा नाग बाजूला ठेवून आम्ही हसत बसतो.

मला हा खेळ आवडतो. हे असं सरळ वाक्य मी कधी कुणापुढे उच्चारलं नाही, नवऱ्यापुढेसुद्धा. सुदेश मालवाहू बोटीवर असतो. त्याचा फोन येतो तेव्हा लाइन तुटायच्या आत आप्पांची तब्येत, आमच्या मुलीची, दिव्याची, शाळा, कौलांची गळती हे सगळं बसवायचं असतं, त्यात नागाला जागा कुठून मिळणार. आणि मी काही घर वाऱ्यावर सोडून खेळत नाही. हेडफोन मी एकाच कानावर लावते. दुसरा कान घराचा. आप्पांच्या खुर्चीजवळ पितळी घंटा आहे, ती वाजली की धोंडू जागच्या जागी पुतळा होऊन उभा राहतो आणि मी ओटीवर धावते. कुकरच्या शिट्ट्या तर साऱ्या गिल्डला पाठ आहेत. 'ताई, भात झाला,' असं मला लातूरहून कळतं. पण वैशाखात आप्पांना झटका आला. पाय महिनाभरात बरा म्हणावा इतपत आला, उजवा हात अर्धामुर्धा आला, वाचा मात्र आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल, रोज आ-ई-ऊ करून घ्या. मी रोज त्यांच्यासमोर बसून आ-ई-ऊ करते, आणि आप्पा माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की जणू वाचा माझीच गेली आहे. आणि मग एका दुपारी, बांगडे साफ करता करता, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, राग नाही, लोभ नाही अशा सुरात म्हणाल्या, "गणपती गेलो की ता खेळणा सोड गो. माका आता एकटेक उरकणा नाय." मी 'होय' म्हटलं. काय म्हणणार होते? त्या खोटं बोलत नव्हत्या. आप्पांना उठवताना त्यांची कंबर धरते, ते मी बघितलं होतं. घरातल्या पट्ट्या मला दिसत नाहीत असं थोडंच आहे. आणि योग असा की खेळाचा हंगाम संपायचा होता तोही नेमका आमच्या पाच दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनाच्या संध्याकाळी. नवव्या तोंडापर्यंत आम्ही आजवर पोचलो नव्हतो. ती शेवटची संध्याकाळ खेळायची, जिंकू नाहीतर मरू, आणि धोंडूला गणपतीबरोबर पाण्यात सोडायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवलं तेव्हा सोपं वाटलं. बाजारात तो आवाज बाहेर पडला आणि कळलं की पाण्यात कोणाला सोडायचं आहे.

घरात त्या दिवसांत दुसरीच काळजी होती. गाऱ्हाणं कोण घालणार? आमच्याकडे गणपती बसला की आणि उठायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता पुरुष देवासमोर उभा राहून घरादारासाठी खड्या आवाजात मागतो आणि मागे उभे असलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यावर शिक्का मारतात. लिहिलेलं काही नसतं. आप्पा गाऱ्हाणं घालायचे तेव्हा शेजारची माणसंही आपली आरती आवरून आमच्या ओटीवर येऊन उभी राहायची. माझी पहिली चतुर्थी मला आठवते. लग्नाला महिना झाला होता, सुदेश बोटीवर गेला होता, आणि मी मागच्या परसात न्हाणीच्या आडोशाला रोज थोडं रडून घेत होते. कुणाला कळलं नव्हतं, अशी माझी खात्री होती. आप्पा तर माझ्याशी सरळ एक शब्द बोलले नव्हते, 'पाणी' म्हणायचे ते पण भिंतीकडे बघून. आणि त्या दिवशी गाऱ्हाण्यात, बोटीसाठी मागून झाल्यावर आणि गाईसाठी मागायच्या आधी, त्याच आवाजात ते म्हणाले, "नवा चेडू घरात इला हा, तेचा मन हय रमांदे रे म्हाराजा." ते चेडू म्हणजे मी, आरतीचं ताट हातात धरून उभी होते. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मला जे कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी देवाला सांगून टाकलं होतं, आणि साऱ्या घरानं त्याला होकार दिला होता. त्यानंतर मी परसात गेले नाही. रडू आलं तरी स्वयंपाकघरात रडायला लागले.

सुदेशला बदली माणूस मिळाला नाही, तो आला नाही. मुंबईहून दीर आला, दीपेश. गणपती बसला त्या दिवशी गाऱ्हाण्याची वेळ झाली तेव्हा त्यानं खिशातून मोबाइल काढला. कुठूनतरी आलेलं एक तयार गाऱ्हाणं त्यानं आधीच शोधून ठेवलं होतं. वाचायला लागला, सूर बरा होता, आणि आम्हीही शब्दांकडे लक्ष न देता व्हय म्हाराजा म्हणत गेलो. आणि मग त्यानं मोठ्यानं मागितलं, की आमच्या काजूच्या बागेचो दावो आमच्या बाजून लागांदे. आम्हाला काजूची बाग नाही. दावा तर नाहीच नाही. अर्धे लोक व्हय म्हणून बसले, अर्धे थांबले, आणि शेजारच्या गणपतकाकांनी मागून विचारलं की कोणाची रे बाग? पोरं खिदळली. दीपेश कानापर्यंत लाल झाला. हसू मलाही आलं, पण मी आप्पांकडे बघितलं आणि ते जिरलं. त्यांनी डोळे मिटून तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. पुढचे दिवस आले-गेले, भजनं झाली, उसळ झाली, करंज्या झाल्या, आणि दीपेश फोन आला की उठून आडोशाला जात राहिला. त्याच न्हाणीच्या आडोशाला. परत यायचा तेव्हा मोठमोठ्यानं हसायचा. मुंबईचं काम कसं चाललंय असं कुणी विचारलं की तो विषय बदलून बॅडमिंटनची गोष्ट सांगायचा.

विसर्जनाच्या सकाळी मी खोबरं खवत होते. आई येऊन समोर टेकल्या. म्हणाल्या, "आज गाऱ्हाणा तू घाल." माझा हात थांबला. "माका येणा नाय," मी म्हटलं. "रोज तर घालतंस," त्या म्हणाल्या. मला समजेना. मग त्यांनी सांगितलं की आप्पांना झटका आल्यापासून संध्याकाळी त्या मागच्या खोलीच्या दाराबाहेर बसून वाती वळतात. मला वाटायचं, तिथं वारा लागतो म्हणून. लातूरची मुलगी दवाखान्यातून दमून येते आणि तिला पुढे उभं करायचं नाही, नागपूरचा उतावळा आहे पण मनानं चांगला आहे, निजामाबादच्याच्या घरी बाळ झालं आहे आणि तो मधेच उठून जातो, हे सगळं त्यांना माहीत होतं. "कोण कसो, कोणाक काय व्हया, तां तू सगळा ध्यानात ठेवतंस आनि बोलान दाखवतंस. तेंका आणखी काय येय होता?" असं म्हणून त्यांनी ओटीवरच्या आप्पांकडे मान केली. बाजारातली टेंपोची गोष्टही त्यांच्या कानावर आली होती, त्या मावशी त्यांच्या माहेरच्या वाडीतल्या निघाल्या. दीपेश कुरकुरला, वहिनी, बाईमाणूस गाऱ्हाणं घालतं का कुठे. विड्याचं पान आणि सुपारी घेऊन आई आप्पांपाशी गेल्या आणि ते त्यांच्या डाव्या हातात ठेवलं. विडा ज्याच्या हाती जाईल त्यानं गाऱ्हाणं घालायचं. आप्पांनी दीपेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ लागला, पण विडा धरलेला हात माझ्यापर्यंत आला.

दुपारी उत्तरपूजा झाली, घर माणसांनी भरलं, आणि मी विडा मुठीत धरून देवासमोर उभी राहिले. तोंडून दुकानातला आवाज निघाला. बा देवा म्हाराजा, इतकंच, आणि तेही माटवीखालच्या समईपर्यंत पोचलं असेल-नसेल. मागून गणपतकाका म्हणाले, आयकाक येणा नाय गो. कुणीतरी खाकरलं. मुठीत विड्याचं पान मऊ पडलं. मी वळून बघितलं ती चूकच, कारण एवढी माणसं, आणि सगळी ओळखीची, आणि दीपेशचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेलेला. आणि मग मला त्यांच्या डोक्यावर नावं दिसली. खोटं सांगत नाही, दिसली. नावाखाली पट्ट्या. गणपतकाकांची पिवळी. आईंची पिवळ्याच्याही खाली. रोज मोठ्यानं हसणाऱ्या दीपेशची लाल, अगदी टोकाला, कधीही विझेल अशी. ही माणसं काही वेगळी नव्हती. त्यांना वेगळं मी केलं होतं, एका कानाला खेळातली आणि दुसऱ्या कानाला घरातली. मी पाय थोडे फाकवून उभी राहिले, छातीभर पाण्यात उभं राहावं तशी, आणि देवाकडे वळले.

"बा देवा म्हाराजा!" समईची ज्योत हलली. "ह्या घरातल्या लेकरांनी पाच दिस तुझी जी काय वेडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा." व्हय म्हाराजा, सगळे म्हणाले, जरा बिचकतच. मी सुदेशच्या बोटीसाठी मागितलं, बरा वारा आणि बरा दर्या, आणि बदली माणूस मिळून तो दिवाळीला घरी येवो. गणपतकाकांच्या गुडघ्यासाठी मागितलं, जो जिना चढताना दुखतो आणि ते कुणाला सांगत नाहीत. लोक हसले आणि हसता हसता आवाज मोकळे झाले. आईंच्या कंबरेसाठी मागितलं. मग एक श्वास घेतला. "आमचो दीपेश. तेच्या मनाक काय लागला हा, तां तो सांगणा नाय, आनि आमी इचारणव नाय. पण तुका ठावक आसा. तेची वाट मोकळी कर. आनि वाट गावासर ह्या घर तेका आपला वाटांदे रे म्हाराजा." व्हय म्हाराजा म्हणताना एक आवाज फाटला. मी वळले नाही. वळायचं नसतं. माझ्या पहिल्या चतुर्थीला आप्पाही वळले नव्हते. मी फक्त ऐकत राहिले, तेव्हा त्या होकारांच्या मागे आणखी एक आवाज कानी आला, प्रत्येक वेळी थोडा उशिरानं येणारा. खुर्चीच्या हातावर तळहात आपटल्याचा. आप्पा होते. ते 'व्हय' म्हणत होते. शेवटी मी त्यांच्यासाठी मागितलं. "आप्पांनी इतकी वर्सा सगळ्यांसाठी मागला, सोतासाठी कधी मागूक नाय. तेंचो आवाज तेंका परत दी. आनि तो येयसर माझो आवाज तो तेंचोच समज रे म्हाराजा." घर दणाणलं. मला वाटलं, छत उडतंय. मला वाटलं, मी आयुष्यात एवढं उंच कधी उभी राहिले नव्हते.

गाऱ्हाणं संपलं होतं, दीपेश मूर्तीच्या पाटाला हात घालायला वाकलाही होता, तेव्हा आई पुढे आल्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "एक ऱ्हवला." पदर डोक्यावर सारखा करून त्या माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज लहान, पण कोणी खाकरलं नाही. "बा देवा म्हाराजा. ह्या माझ्या सुनेन सगळ्यांची नावा घेतली, सोताचा घेवक नाय. तिचो एक खेळ आसा. माका तो कळणा नाय. मी तिका तो सोड म्हणान सांगितललंय. पण त्या खेळात तिची माणसा आसत, आनि आज सांजेक ती तिची वाट बघतत. तेंका येस दी. आनि तिचो खेळ असोच चालू ऱ्हवांदे रे म्हाराजा." क्षणभर कुणालाच कळेना की खेळासाठी देवाकडे मागतात का, आणि मागितलं तर त्याला काय म्हणायचं. तेवढ्यात खुर्चीच्या हातावर तळहात पडला. या वेळी उशिरानं नाही, सगळ्यांच्या आधी. आणि मग सगळे म्हणाले, दीपेश सगळ्यात मोठ्यानं, व्हय म्हाराजा.

चिवल्याच्या किनाऱ्यावर गणपती पाण्यात गेला तेव्हा मी कंबरभर पाण्यात होते आणि रडत होते, आणि कुणापासून लपवत नव्हते. धोंडूला मी सोडलं नाही. घरी परत आलो तर आईंनी माझ्या हातातला तांदळाचा डबा काढून घेतला. "जा, ते खोळांबले असतले," त्या म्हणाल्या. "भात मी लावतंय." साडीच्या काठाला रेती तशीच होती. मी लॅपटॉप उघडला, हेडफोन एका कानावर लावला. सगळे आले होते. मी त्यांना काय करायचं ते सांगितलं, एकेकाचं नाव घेऊन, आणि पुष्कळ वेळ लागला, आणि दोनदा सगळं हातचं जातंय असं वाटलं, आणि मग नवव्या तोंडानं मान टाकली आणि किल्ल्यातलं पाणी उतरायला लागलं. लातूर, नागपूर, निजामाबाद, सगळे एकदम ओरडत होते. मी म्हटलं, रापणकर, जाळं किनाऱ्याला आलं. एका कानात वीस-पंचवीस गावं म्हणाली, व्हय म्हाराजा. आणि दुसऱ्या कानात, ओटीवरून, आप्पांच्या तळहाताचा ठोका आला.